एकतीस चुका, एक तारा

पहिल्या दिवशी मी काहीच केलं नाही, फक्त अक्षरं पाहिली. मॅकमध्ये 'फॉन्ट बुक' नावाचं एक ॲप आधीपासूनच असतं. ते उघडलं की यंत्रात जेवढे टंक आहेत तेवढे सगळे ओळीने समोर येऊन उभे राहतात. बेचाळीस वर्षं मी छापखान्यात प्रुफं तपासली. आमच्याकडे टंक होते सहा, आणि त्यातल्या एकाचा 'क्ष' कायम पाय मोडलेला. इथे एवढे, की मोजायचा नाद मी सोडून दिला. एकेक अक्षर मोठं करून त्याची वेलांटी कुठे जाड होते, मात्रा कुठे टेकते, ते बघत बसलो. दुपारी भाचीचा फोन आला, "मामा, जेवलास का?" तेव्हा लक्षात आलं की नाही.

यंत्र तिचंच. तिने नवा मॅक घेतला आणि जुना माझ्या टेबलावर आणून ठेवला. भाची म्हणजे माझ्या धाकट्या बहिणीची मुलगी. ती लिफ्ट दुरुस्त करते. दोन मजल्यांच्या मध्ये अडकलेल्या लोकांना बाहेर काढणं हे रोजचं काम असल्यामुळे समोरचा प्रत्येक माणूस अडकलेलाच आहे असं धरून ती बोलते. घरात तिला वादळ म्हणतात.

"पुस्तकांच्या ढिगाऱ्यात बसून बुरशी धरेल तुला," ती म्हणाली होती. "हे घे. काही मोडत नाही त्यात. मोडलंच तर मी आहे."

"मला जमेल का गं?"

"नाही जमलं तर भाजी चिर त्यावर. सपाट आहे चांगला."

जमलं. कसं ते मला सांगता येणार नाही, पण दुसऱ्या आठवड्यात मी सकाळी उठून चहाच्या आधी झाकण उघडायला लागलो. 'प्रिव्ह्यू' सापडलं त्या दिवशी तर मी खोलीत दोन फेऱ्या मारल्या. छापलेल्या पानावर लाल रेघ ओढता येते! चुकीची ओढली तर पुसताही येते! छापखान्यात एकदा लाल शाई पडली की पडली, मग मालकापर्यंत सगळ्यांना कळायचं की मुद्रितशोधकाचा हात हलला.

मग भाचीने ॲपचं दुकान दाखवलं, आणि मी एकेक उतरवून घेऊन बघायला लागलो. बघितलेल्याचं मत एका वहीत लिहायचो. मत देण्याची मला सवय नाही. प्रूफ तपासणाऱ्याला कुणी 'पुस्तक कसं वाटलं' असं विचारत नाही, आणि ते ठीकच आहे. पण इथे विचारणारं कुणी नव्हतं, म्हणूनच कदाचित धीर झाला.

'कोरं पान' हे लिहिण्याचं ॲप. पडद्यावर पांढरं पान आणि लुकलुकणारी एक रेघ, बाकी काही नाही. वहीत लिहिलं, 'हे पान बघून छाती दडपते, पण तो ॲपचा दोष नाही.' 'मोठ्याने' हे लिहिलेलं वाचून दाखवणारं. आमच्याकडे हस्तलिखित मोठ्याने वाचणारा एक जोडीदार असायचा. तो वाचणार, मी छापलेलं बघणार. तो गेल्यानंतर कुणी माझ्यासाठी वाचलं नव्हतं. हे ॲप स्वल्पविरामाला थांबत नाही, तरी मी ते दिवसभर लावून ठेवलं. 'चौसष्ट घरं' हे बुद्धिबळ. त्याने मला सलग नऊ वेळा हरवलं, पण हरवताना गाजावाजा केला नाही, हे मला फार आवडलं.

काही आवडलीही नाहीत. 'दिनमान' हे कॅलेंडर. 'नखं कापली' अशी नोंद केली तर पडद्यावर रंगीत कागदाचे कपटे उडाले आणि 'शाब्बास!' अशी पाटी आली. या वयात नखं कापल्याबद्दल शाबासकी घ्यायला मला लाज वाटली. 'माझी बाग' या खेळात आपण दोन दिवस फिरकलो नाही तर रोपं रडतात. मी घरी एकटाच राहतो, तिथे रडण्याचा आवाज आला की दचकायला होतं.

आणि मग 'सांधेवाला'.

हा खेळ म्हणजे रेल्वेच्या रुळांजवळची एक केबिन. आत सात दांडे. आपण सांधेवाला, म्हणजे दांडा ओढून रूळ बदलणारा. डावीकडून डबे येतात, प्रत्येकावर खडूने एक अक्षर लिहिलेलं, आणि ते अक्षर बघून डबा योग्य रुळावर घालायचा. एवढंच. संगीत नाही, गुण नाहीत, शाबासकी नाही. कोपऱ्यातल्या शेगडीवर किटली. पहिल्या दिवशी मी एक दांडा ओढला, तो खणकन लागला, आणि लांबवर रूळ सरकल्याचा आवाज आला. मी हात मागे घेतला. माझ्या हातून काहीतरी खरोखर हललं आहे असं मला वाटलं. छापखाना बंद झाल्यापासून तसं वाटलं नव्हतं.

मी तो रोज खेळलो. पंधरा दिवसांत माझी चुकांची यादी एकतीसवर गेली. खिडकीच्या गजाची सावली: सूर्य फिरतो, सावली फिरत नाही. चौथ्या दांड्याचा आवाज केसभर उशिरा येतो. किटली उकळते पण वाफ सरळ भिंतीतून जाते. जे पुस्तक आवडतं त्यातल्याच चुका दिसतात, हा माझा आयुष्यभराचा अनुभव. कंटाळवाण्या पुस्तकात डोळा घसरत जातो, काहीच सापडत नाही.

"वहीत कुजवतोस कशाला?" भाची म्हणाली. "दुकानात टाक ना तुझी मतं. लोक वाचतात." तिने मला 'कोपऱ्यातला वाचक' असं नाव घालून दिलं, कुठे लिहायचं ते दाखवलं आणि कुठल्यातरी नवव्या मजल्यावर अडकलेल्यांकडे पळाली.

मत लिहायच्या आधी तारे द्यावे लागतात. ते काय ते मला लगेच कळलं. म्हणजे कळलं असं वाटलं. आमच्या छापखान्यात प्रुफाच्या उजव्या कोपऱ्यात मी तारे काढायचो: अजून जितक्या फेऱ्या दुरुस्ती लागेल तितके तारे. खिळे जुळवणारा जुळारी एक फेरी दुरुस्त करायचा, एक तारा खोडला जायचा. एकही तारा उरला नाही की फर्मा, म्हणजे जुळवलेल्या पानांचा संच, छपाईला. बेचाळीस वर्षं माझ्यासाठी तारा म्हणजे उरलेलं काम. दुकान किमान एक तारा घेतल्याशिवाय पुढे सोडत नाही हे पाहून तर मला आदरच वाटला. बरोबर आहे, निर्दोष असं जगात काय असतं? आणि पाचाच्या वर देऊ देत नाहीत, तेही योग्य. त्याहून जास्त काम उरलं असेल तर ते बाड परतच करायला हवं.

'दिनमान'ला मी पाच दिले आणि खाली काही लिहिलं नाही. कुणाच्या मेहनतीला चारचौघांत नावं कशी ठेवायची? 'माझी बाग'ला पाच. आधीच्या शेकडो लोकांनीही तिथे पाच-पाच दिलेले दिसले, तेव्हा बरं वाटलं. माझं काही चुकत नव्हतं. काहींनी पाच ताऱ्यांखाली 'अप्रतिम!' असं लिहिलं होतं. हा उपरोध मला जरा बोचरा वाटला. 'चौसष्ट घरं'ला दोन. आणि 'सांधेवाला'ला, मनापासून, एक. त्याखाली एकतीस कलमं सुवाच्य लिहिली. शेवटी 'इतकंच' असं लिहून सही केली.

दोन आठवड्यांनी, गुरुवारी, भाची आली. तिने सहज माझी मतं उघडली आणि तिचा चहाचा कप हवेतच राहिला.

"मामा, हा कोपऱ्यातला वाचक तूच ना?"

"हो. का गं? काही चुकीचं लिहिलं?"

"तू त्या दिनमानला पाच दिलेस?"

"द्यावेच लागले. सहा देता येत नाहीत."

"आणि सांधेवाला? ज्याच्यापायी तू माझे फोन उचलत नाहीस, तो? त्याला एक?"

"शून्य द्यायचे होते. घेतच नाही ते दुकान."

मग मी तिला छापखान्यातल्या ताऱ्यांचं सांगितलं. सांगता सांगता तिचा चेहरा हसावं की रडावं अशा मधल्याच मजल्यावर अडकला.

"अरे देवा! मामा, तारे म्हणजे कौतुक असतं. जास्त तारे, जास्त कौतुक!"

"पण मग ते पाच ताऱ्यांखाली 'अप्रतिम' लिहितात तो..."

"तो उपरोध नाही! त्यांना अप्रतिमच म्हणायचं असतं!"

दिनमानचं एक वेळ ठीक, त्याला माझ्या पाच ताऱ्यांनी काय फरक पडणार? पण सांधेवाल्याच्या पानावर सगळे मिळून आठ जणांनी तारे दिले होते, आणि त्यांत सर्वांत वर माझा एक तारा आणि माझी एकतीस कलमं. त्याच्याही वर नवीन चौकट होती. भाचीने ती मोठ्याने वाचली:

"'हा खेळ मी एकटीने चार वर्षांत केला. कोपऱ्यातल्या वाचकाने दाखवलेल्या सगळ्या चुका खऱ्या आहेत. त्या सुधारणं माझ्या आवाक्यात नाही. रविवारी संध्याकाळी सहाला खेळ दुकानातून काढत आहे. ज्यांनी खेळला त्यांचे आभार.'"

भाचीने आधी माझे तारे बदलले. एकाचे पाच झाले, पण वरची चौकट हलली नाही. मग मी खेळ करणाऱ्या बाईला पत्र लिहिलं, खेळ काढू नका म्हणून. चार ओळींना दोन तास लागले. शुक्रवारी उत्तर नाही. शनिवारी नाही. मी यंत्र उघडून पत्रपेटीच बघत होतो. भाचीने मात्र खेळातली 'आभार' नावाची पाटी शोधून काढली, जी मी कधी उघडलीच नव्हती. तिथे एकच ओळ होती: 'मागची खोली दिल्याबद्दल चष्म्याच्या दुकानाच्या मालकांचे आभार.' खाली दुकानाचं नाव. ही बाई जगाच्या पाठीवर कुठेही असू शकली असती. दुकान निघालं आमच्याच शहरात, नदीपलीकडे.

"रविवारी उघडं असतं सहापर्यंत," भाची फोन ठेवत म्हणाली. "उद्या जायचं. तू बोलायचंस."

"मी? अगं, मी काय बोलणार? तूच..."

"मी एक तारा दिलाय का?"

रविवारी साडेचारला तिने मला दुकानासमोर उतरवलं. "आत जा, नाव सांग, चूक झाली म्हण. मी गाडी लावून आलेच."

दुकान लहान, स्वच्छ, भिंतीवर काचेच्या फळ्यांवर चष्म्यांच्या रांगा, सगळ्या माझ्याकडे बघणाऱ्या. काउंटरमागे तिशी ओलांडलेली एक बाई, केस पेन्सिलीने वर खोचलेले. घशाशी आलेलं वाक्य मी तोंडात जुळवलं.

"या काका. नंबर तपासायचाय?"

"हो," मी म्हणालो.

का म्हणालो? पण म्हणालो खरा. तिने मला उंच खुर्चीत बसवलं, नाकावर ती जड लोखंडी चौकट चढवली, एक डोळा झाकला, दुसऱ्यापुढे भिंग सरकवलं. समोर भिंतीवर अक्षरांचा तक्ता.

"सुरुवात करा वरून."

मी वाचत गेलो. वाचणं मला येतं. पहिली ओळ, दुसरी, तिसरी. शेवटच्या ओळीखाली तक्ता छापणाऱ्याचं नाव होतं, मुंगीएवढ्या अक्षरांत, तेही वाचलं.

"बापरे! तुम्हाला चष्म्याची गरजच नाही," ती हसली. "एखादं अक्षर पुसट वाटतंय का?"

"पुसट नाही. पण सहाव्या ओळीतला 'र' दुसऱ्याच टंकातला आहे. बाकीच्यांचे खांदे गोल, याचा चौकोनी. आणि चौथ्या ओळीत दुसऱ्या आणि तिसऱ्या अक्षरातली जागा केसभर जास्त आहे."

तिचा हात भिंगावरच थांबला.

"केसभर?" ती म्हणाली. "'चौथ्या दांड्याचा आवाज केसभर उशिरा येतो.'"

"कलम नऊ," माझ्या तोंडून निघून गेलं.

तिने चौकट माझ्या नाकावरून उतरवली. हळू उतरवली, पण मला वाटलं हिने ती फेकून मारली असती तरी चाललं असतं.

"तुम्ही! म्हणजे तुम्ही इथपर्यंत आलात? घरी बसून एकतीस सापडल्या, आता दुकानात शोधायला?"

"नाही हो, मी... तो तारा म्हणजे... आमच्या छापखान्यात..."

याच क्षणी दार उघडलं आणि वादळ आत आलं. "सांगितलंस? नाही सांगितलंस! चेहऱ्यावरच दिसतंय. ताई, हा माझा मामा. हा मूर्ख नाही, फक्त जुना आहे." आणि तिने एका दमात ताऱ्यांची, प्रुफांची, जुळाऱ्याची सगळी गोष्ट सांगून टाकली. "...म्हणजे याच्या हिशोबाने तुमचा खेळ जवळजवळ छपाईला तयार होता! याने आजवर कुणाला एवढं चांगलं म्हटलेलं नाही. माझ्या लग्नात जेवण कसं होतं विचारलं तर म्हणाला, पत्रिकेत एक अनुस्वार राहिलाय."

बाई खुर्चीच्या पायरीवर बसली. तिला हसू आलं, पण ते पुरतं आलं नाही.

"पाच तारे केलेत ते पाहिलं मी. पत्रही वाचलं. आभार. पण काका, खरं सांगा, चुका आहेत ना? एकतीसच्या एकतीस?"

भाचीने माझ्याकडे डोळे वटारले. मला खोटं बोलता आलं असतं तर किती बरं झालं असतं!

"आहेत," मी म्हणालो.

भाचीने कपाळावर हात मारला.

"तेच तर," बाई म्हणाली. "तुमचा राग नाही आला मला. चांगला एक आठवडा बसले. पहिल्या चार चुका काढल्या. सावली फिरवली, वाफ वळवली. आणि खेळ मेला. काहीतरी गेलं त्यातून, आणि काय गेलं ते मला कळेना. उरलेल्या सत्तावीस काढल्या तर काय होईल? काय चुकलंय ते मला ठाऊक आहे, तुम्ही यादीच दिलीत. काय बरोबर आहे ते मला ठाऊक नाही. कुणी सांगितलंच नाही कधी."

"पण ज्याला खूण केली नाही ते सगळं बरोबर," मी म्हणालो. "समास कोरा असला म्हणजे हात लावायचा नाही."

"काका, कोऱ्या समासात मी काय वाचू?"

बेचाळीस वर्षांत किती लेखकांनी माझ्याकडून पानं परत नेली, त्यांतल्या किती जणांनी कोऱ्या समासाकडे असं बघितलं असेल, हे पहिल्यांदाच माझ्या डोक्यात आलं.

ती उठली. "मागे या. काय हलवायचं नाही ते सांगा. काढण्याची वेळ मी आधीच लावून ठेवली आहे, सहाला आपोआप जाईल. थांबवायचं असेल तर बटण आहे."

"मग आधी ते दाबा ना!" भाची ओरडली.

"आधी ऐकते. उगाच गोड बोललेलं मला कळतं. ग्राहकांना दिवसभर मीच म्हणते, 'ही फ्रेम तुम्हाला शोभून दिसते.'"

मागची खोली म्हणजे काचा घासायचं यंत्र, खोक्यांची चळत आणि एका टेबलावर तिचा मॅक, माझ्या मॅकहूनही जुना. भिंतीवरच्या घड्याळात सव्वापाच. तिने सुधारलेली प्रत उघडून यंत्र माझ्यापुढे सरकवलं आणि चष्म्याचे नंबर लिहायची कार्डं घेऊन शेजारी बसली.

मी खेळायला लागलो. दांडे तेच, डबे तेच. सावली आता सूर्याबरोबर फिरत होती, एकदम शास्त्रशुद्ध. आणि ती म्हणत होती ते खरं होतं. खेळ मेला होता. मी डबे बरोबर घालत होतो आणि मला कंटाळा येत होता.

"जुनी प्रत आहे का?"

तिने ती उघडली. तीन डबे गेले, चार गेले, आणि माझ्या पाठीत एकदम ताठपणा आला. मी पुन्हा नव्या प्रतीत गेलो. पुन्हा जुनीत.

"काय झालं मामा?" भाचीने विचारलं.

"थांब, थांब, बोलू नकोस." "हे बघा. तुमच्या जुन्या खेळात गजाची सावली कायम दांड्यांच्या आकड्यांवर पडते. तीन, चार, पाच, हे आकडे कधी दिसतच नाहीत. म्हणून हाताला पाठ करावं लागतं, चौथा कुठे, पाचवा कुठे. आता सावली फिरते, उन्हात आकडे लख्ख दिसतात, आणि मी ते वाचतो! हात काही शिकतच नाही! मी आयुष्यभर वाचलंय, मला आणखी वाचायचं नव्हतं. मला त्या सांधेवाल्यासारखं न बघता दांडा ओढायचा होता!"

"पण सावली ही तुमचीच चूक क्रमांक दोन."

"हो! चूक माझी! कलम दोन खोडा!" मी जवळजवळ ओरडलो. आजवर माझी खूण मी कधी मागे घेतली नव्हती, आणि ती मागे घेताना इतका आनंद होईल असं कुणी सांगितलं असतं तर मी हसलो असतो. "सावली हलवायची नाही. हे पहिलं. लिहा."

तिने लिहिलं. पेन्सिल केसातून काढल्यामुळे केस खांद्यावर आले होते, तिकडे तिचं लक्ष नव्हतं.

"दुसरं, दांडा परत येताना अर्धवट थांबतो आणि मग बसतो. तो थांबा काढायचा नाही. तिसरं, डबा टोकाला पोचायच्या आधी हळू होतो, जसा काही विचार करतो. चौथं, किटलीची शिट्टी इंजिनासारखी वाजते आणि मी दर वेळी फसतो. दर वेळी! पाचवं, आपण बरोबर केलं तर कुणी काही म्हणत नाही."

"हे चांगलं आहे?" भाची म्हणाली.

"फार चांगलं! दिवस संपतो, डबे आपापल्या जागी उभे, आणि आपल्यालाच ठाऊक."

सहा, सात, आठ. मी बोलत होतो आणि खेळतही होतो, आणि मला माझाच आवाज पुढे धावताना ऐकू येत होता. बाई खाली मान घालून लिहीत होती, पण बटणाकडे तिचा हात गेला नव्हता. भाची घड्याळ आणि बटण यांच्यामध्ये नुसती येरझारा घालत होती. पावणेसहा झाले. दहावं झालं. मग माझ्या हातून एक डबा चुकीच्या रुळावर गेला.

"आणि हे," मी म्हणालो. "हा डबा. आता हा इथेच उभा राहणार, दिवस संपेपर्यंत. परत आणता येत नाही, पुसता येत नाही, आणि कुणी शिक्षाही करत नाही. फक्त दिसत राहतो. माझ्या हातून एक पुस्तक असं गेलं. पहिल्याच पानावर लेखकाच्या आईचं नाव चुकलं, आणि मला दिसलं नाही. ते पुस्तक माझ्या फळीवर आहे, अगदी समोर. मी ते मागे सरकवत नाही. हा डबा पहिल्यांदा तसा उभा राहिला तेव्हा मला वाटलं, हे ज्याने कुणी केलं त्याला हे माहीत आहे. तो डबा हलवू नका. कुणी कितीही सांगितलं तरी."

ती लिहायची थांबली.

"अकरा जणांनी पत्र पाठवलं," ती सावकाश म्हणाली, "की चुकलेला डबा मागे घ्यायची सोय करा. मी नाही केली. का नाही, ते त्यांना सांगता येईना. मला वाटलं, मीच हट्टी."

तिने मॅक आपल्याकडे ओढला, दुकानाचं पान उघडलं आणि बटण दाबलं. पडद्यावर एक लहानशी ओळ आली: 'काढणे रद्द केले आहे.' सहाला सात मिनिटं होती.

"झालं?" भाचीने विचारलं.

"झालं."

"नक्की झालं? परत आपोआप वगैरे..."

"अगं बाई, झालं!"

भाचीने मला मागून मिठी मारली, तशी ती लहानपणीही कधी मारायची नाही. एवढ्यात बाहेर काचेवर टकटक झाली. "चष्मा न्यायचाय!" असा आवाज आला.

"तिसरा ड्रॉवर, पाकिटावर नाव असेल!" बाई भाचीला म्हणाली, जणू काही ती तिथे नोकरीलाच होती. भाची धावली. बाईने कार्ड उलटलं, नवं घेतलं, सुधारलेली प्रत ओढून पडद्यावरच्या कचऱ्याच्या डब्यात टाकली आणि मॅक पुन्हा माझ्यापुढे सरकवला.

"हं काका. बारावं."

"बारावं म्हणजे ते केबिनचं दार," मी म्हणालो, "जे कधीच उघडत... नाही, थांबा. बारावं राहू द्या. आधी तेरावं लिहा, ते फार म्हणजे फारच चांगलं आहे!"